तेल जातं कुठे?

रात्री गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा सकाळी कोराच्या कोरा निघायचा. नव्या फ्रिजच्या खोक्याचा तो पुठ्ठा. त्यावर मार्करने तीन चौकोन आखलेले: इंजिन इथे, गिअरबॉक्स इथे, मागचा डिफरन्शियल इथे. थेंब पडलाच तर कुठून पडला ते शोधत बसायला नको. आठ रात्री गेल्या, एक थेंब नाही. तरी गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली की लाल तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. अर्धा लिटर ओतायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं, कारण या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या पोटातल्या नळीतून फिरून येतं आणि ती नळी फुटली तर तेल पाण्यात उतरतं, पाणी तेलात. तसं झालं की डिपस्टिकवर स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस येतो. इथे पाणी स्वच्छ होतं आणि तेलही लालचुटुक.

गाडी १९७२ची ब्यूक इलेक्ट्रा २२५. नावातला आकडा मुळात इंचांचा आहे. १९५९ साली हे मॉडेल आलं तेव्हा त्याची लांबी सव्वादोनशे इंच भरत होती, म्हणजे पावणेएकोणीस फूट. एवढ्या जागेत मुंबईत एक संसार राहतो. बॉनेटखाली साडेसात लिटरचं इंजिन, मारुती ८००ची नऊ इंजिनं एकत्र केली तरी थोडं उरेल असं. त्यावर चार गळ्यांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर आणि मागे टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

मालक डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहणारे मराठी गृहस्थ, नुकतेच निवृत्त झालेले. पंचवीस वर्षं त्यांनी इंजिनांच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमवर काम केलं. अमेरिकेत १९९६पासून प्रत्येक नव्या मोटारीत स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट असणं सक्तीचं आहे. त्यात वायर खुपसली की गाडी स्वतःच आपली तक्रार आकड्यात सांगते. आयुष्यभर असे आकडे वाचलेल्या माणसाने हौसेला अशी गाडी घेतली की जिच्या स्टिअरिंगखाली हात घातला तर हाताला फक्त धूळ लागते.

तक्रारी तीन होत्या. सकाळी सुरू करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट. लाल सिग्नलला इंजिन थरथरायचं, आता बंद पडेल की मग पडेल. आणि पहिल्यातून दुसरा गिअर फार उशिरा पडायचा, तोही असा झटका देऊन की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली. पहिल्यांदा तो झटका बसला तेव्हा बाईंनी मान वळवून मागे पाहिलं होतं. "अहो, मागून कुणी ठोकलं का?"

पहिल्या गॅरेजने थरथर पाहिली आणि कार्बोरेटर उतरवला. खोलून धुतला, गॅस्केट बदलली, पुन्हा बसवला. थरथर तशीच. मग तिथल्या पोराने सगळ्या पोरांनी आजवर केलं तेच केलं: स्क्रू फिरवून इंजिनाची मंद चाल वाढवून ठेवली. थरथर झाकली गेली. पण आता ड्राइव्हला टाकलं की धाडकन आवाज यायचा. साहजिकच आहे. इंजिन नको इतकं जोरात फिरत असताना गिअर लावला तर ते सगळं एकदम चाकांवर येणार. तो धाडकन आवाज ऐकून दुसऱ्या गॅरेजने निदान केलं की गिअरबॉक्स गेला. संपूर्ण ओव्हरहॉल. रक्कम ऐकून गृहस्थ घरी परत आले आणि त्यांनी तो पुठ्ठा काढला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते इथे तंतोतंत घडलं, आणि वर बंबाच्या पाण्याने सोमेश्वरीही भिंत पडली. पहिल्याच्या दुरुस्तीने दुसऱ्याला चुकीचा पुरावा मिळाला. जुन्या गाडीच्या बाबतीत हे इतक्या सर्रास होतं की गाडी विकत घेताना मालकाने आधी काय काय दुरुस्त केलं हे विचारण्यापेक्षा काय काय बिघडवलं हे विचारावं.

गिअरबॉक्सवर आळ सहज येतो, कारण तो आतून कुणी पाहिलेला नसतो. बंद पेटी, तेल, अंधार. पण या पेटीचा इतिहास त्या गृहस्थांच्या घरापासून वीस मिनिटांवर घडला होता. १९३९च्या अखेरीस ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स मिळू लागला. क्लचचं पेडलच नाही आणि गिअर आपोआप पडतात, असा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला तो पहिला. मग महायुद्ध अमेरिकेपर्यंत आलं आणि तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला. युद्धानंतर मागणी इतकी वाढली की डेट्रॉइटजवळ लिव्होनियाला त्याचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तिथे वेल्डिंग चालू असताना ठिणगी कन्व्हेअरखालच्या ज्वालाग्राही द्रवाच्या तबकात पडली आणि कारखाना जळून खाक झाला. गिअरबॉक्सच नाहीत म्हटल्यावर कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलच्या काही गाड्या तेवढ्या काळापुरत्या ब्यूकचा डायनाफ्लो गिअरबॉक्स लावून बाहेर पडल्या. आज अशी एखादी गाडी हाती लागली की पुस्तकातलं चित्र आणि गाडीखालचा माल जुळत नाही, आणि नवशिका मेकॅनिक डोकं धरून बसतो. गिअरबॉक्सच्या कारखान्याने पुढे बस्तान हलवलं ते विलो रनला, जिथे युद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बांधली होती. टर्बो हायड्रामॅटिक ४०० तिथलाच. १९६४ साली आला, आणि इतका दणकट ठरला की रोल्स-रॉइसनेही तो आपल्या सिल्व्हर शॅडोत घातला.

त्याच्या आतल्या तेलाचीही एक गोष्ट आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या लाल तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल असायचं. क्लचच्या चकत्या एकमेकींना धरताना न घसरता, तरी धक्का न देता धराव्यात, हा गुण त्याने यायचा. अमेरिकेने देवमाशांना कायद्याने संरक्षण दिलं आणि रसायनशास्त्रज्ञांना तोच गुण प्रयोगशाळेत शोधावा लागला. लाल रंगाला मात्र काही गुण नाही. इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून घातलेला तो नुसता रंग. बोटावर घेऊन वास घेतला तर कळतं: करपलेल्या फोडणीसारखा वास आणि तपकिरी रंग असेल तर आतल्या चकत्या जळाल्या आहेत. या गाडीचं तेल लाल होतं, वासही ठीक. दुसऱ्या गॅरेजने डिपस्टिक नाकाशी नेली असती तरी ओव्हरहॉलचा विषय निघाला नसता.

गृहस्थांचा पहिला शहाणपणा हा की त्यांनी काहीही खोललं नाही. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली आणि फक्त कान उघडे ठेवले. पाय दाबल्यावर गाडी पुढे जात नसेल तर पहिला प्रश्न एकच: इंजिनाचा आवाज चढतो की पडतो? आवाज चढतोय, सुई वर जातेय आणि गाडी जागच्या जागी, तर गिअरबॉक्स घसरतोय. आवाजच बसतोय, इंजिन घुसमटून आवंढा गिळतंय, तर पेट्रोल नाही तर ठिणगी. ठिणगी विसरायची नाही. कार्बोरेटर म्हणून आलेल्या निम्म्याअधिक तक्रारी शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या पॉइंटमध्ये सापडतात, हे जुने मेकॅनिक शपथेवर सांगतात. या गाडीचा गिअरबॉक्स घसरत नव्हता. इंजिन पहिल्या गिअरमध्ये उगाच ताणत राहायचं आणि मग दुसरा धाडकन पडायचा. म्हणजे पकड शाबूत होती, निर्णय चुकत होता.

आता हा निर्णय घेतो कोण? कॉम्प्युटर नाही, वायरही जवळजवळ नाही. पेटीच्या तळाशी भुलभुलैयासारखी नक्षी कोरलेला एक धातूचा ठोकळा असतो, त्यात झडपा, आणि त्या झडपांवर दोन बाजूंनी तेलाचा दाब. एक दाब मागच्या फिरत्या दांड्यावरच्या गव्हर्नरमधून येतो आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. तो म्हणतो, वेग आलाय, पुढचा गिअर टाक. दुसरा दाब इंजिनावर भार किती आहे ते सांगतो. तो म्हणतो, थांब, अजून चढ आहे. जो जिंकेल तसा गिअर पडतो.

हा दुसरा दाब भार ओळखतो कसा, इथेच गोम आहे. तो इंजिनाचा श्वास ऐकतो. पाय सोडलेला असताना कार्बोरेटरची झडप मिटलेली असते आणि पिस्टन हवा ओढत राहतात, त्यामुळे आतल्या नळात निर्वात तयार होतो. समुद्रसपाटीला, चांगल्या इंजिनात, साधारण सतरा ते एकवीस इंच पाऱ्याइतका. पाय दाबला की झडप उघडते, हवा आत धावते, निर्वात पडतो. तेवढ्या एका खुणेवर गिअरबॉक्स ठरवतो की मालक रमतगमत चाललाय की घाट चढतोय. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत पेन्सिलीएवढी जाड एक नळी जाते. मध्ये पोलादी, दोन्ही टोकांना रबरी. ती जिथे संपते तिथे कुंकवाच्या करंड्याएवढी एक पत्र्याची डबी, आत रबराचा पडदा आणि स्प्रिंग. तिला मॉड्युलेटर म्हणतात. कार्बोरेटर आणि गिअरबॉक्स या दोन जावांमध्ये चहाड्या वाहणारी ही नळी. तिने चुकीचं सांगितलं की दोघी एकमेकींवर रुसतात आणि घरचे भलतीचीच समजूत काढत बसतात.

गृहस्थांना कार्बोरेटर परका नव्हता. दादरला त्यांच्या मामांकडे जुनी फिएट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या या कंपनीने युद्धानंतर अमेरिकन डॉज आणि प्लिमथही इथे जुळवल्या, पण मराठी मध्यमवर्गाची गाडी म्हणजे फिएट, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. मे महिन्यात पुण्याला निघालं की खंडाळ्याच्या घाटात ती हमखास दम टाकायची. मामा बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतून ते पेट्रोल पंपावर गुंडाळायचे आणि सगळ्यांना खाली उतरवून चिवडा वाटायचे. पेट्रोल उकळून नळीत वाफ धरते, पंप द्रव ढकलायला बनवलेला असतो, वाफ ढकलायला नाही. फडक्याने वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. मामांना हे ठाऊक असावं, पण विचारलं की ते एकच सांगत: "कचरा आलाय." घाटात कचरा, पावसात कचरा, बॅटरी उतरली तरी कचरा. मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची उतरली तेव्हा भाच्याने अमेरिकेतून बातमी वाचली आणि पहिल्यांदा ते दोन शब्दच आठवले.

खरं तर कार्बोरेटरचं तत्त्व साधं आहे. नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७मध्ये पाण्यावरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्या अरुंद जागी बारीक भोक ठेवलं की पेट्रोल आपोआप वर ओढलं जाऊन फवारलं जातं. एक भाग पेट्रोलला साधारण चौदा-पंधरा भाग हवा, वजनाने. बाकी सगळी गुंतागुंत अपवादांची आहे: थंडीत चोक, मंद चालीसाठी वेगळं छिद्र, अचानक पाय दाबला तर तेवढ्यापुरतं जास्तीचं पेट्रोल मारणारा छोटा पंप. आणि एक तरंगतं बोंडूक, पाण्याच्या टाकीत असतं तसं, पेट्रोलची पातळी राखणारं. क्वाड्राजेटमधलं बोंडूक फोमचं असतं; वर्षानुवर्षांनी ते पेट्रोल पिऊन जड होतं, बुडतं, पेट्रोल वाहू लागतं आणि मागून धूर येतो. पण तो धूर काळा असतो. या गाडीचा धूर पांढरा होता, आणि पहिल्या गॅरेजने एवढाच एक रंग नीट पाहिला असता तर कार्बोरेटर बॉनेटखालीच राहिला असता.

निर्वात मोजायचं घड्याळ गृहस्थांनी पार्ट्सच्या दुकानातून आणलं. मंद चालीवर काटा चौदावर, आणि स्थिर. काटा थरथरता तर व्हॉल्व्हची शंका घ्यायची. स्थिर पण कमी, म्हणजे कुठून तरी हवा चोरून आत येतेय. कार्बोरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेने त्यांनी क्लीनरचा फवारा मारून पाहिला. फट असती तर फवारा आत ओढला जाऊन इंजिनाची चाल बदलली असती. काही नाही. मग एकेक नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करायचं ठरलं. ब्रेकची नळी: फरक नाही. डिस्ट्रिब्युटरची: नाही.

गिअरबॉक्सकडे जाणारी रबरी नळी ओढली तेव्हा तिच्या तोंडातून एक लाल थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला. त्यांनी भोकावर बोट ठेवलं. काटा अठरावर गेला आणि थरथर थांबली.

मॉड्युलेटरमधला रबरी पडदा फाटला होता. त्या नळीतून इंजिन इतके दिवस गिअरबॉक्सचं तेल स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं ओढत होतं आणि पेट्रोलबरोबर जाळत होतं. तो पांढरा धूर. पुठ्ठ्यावर थेंब पडणार कसा, तेल तर सायलेन्सरमधून आकाशात चाललं होतं. फाटक्या पडद्यातून हवाही येत होती, म्हणून थरथर. आणि पडद्यावर निर्वातच टिकत नसल्याने आतली स्प्रिंग सतत जिंकत होती, म्हणून गिअरबॉक्सची समजूत की मालक कायम खंडाळा चढतोय. नुसती नळीच चिरली असती तर थरथर आणि झटके असेच आले असते, पण तेल घटलं नसतं. त्यामुळे तेल जातं कुठे हाच या प्रकरणातला एकमेव कामाचा प्रश्न होता आणि तो पैसे घेणाऱ्या दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. त्यातली गंमत अशी की नवी गाडी असती तर कॉम्प्युटरने पी ०१७१ हा आकडा दिला असता. अर्थ: मिश्रणात हवा जास्त. कुठून आली, ते तोही सांगत नाही. तिथेही नळ्या हातानेच काढाव्या लागतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसून पंचवीस वर्षांत गृहस्थांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

डबी बदलायला एक बोल्ट. गाडी स्टँडवर चढवून, उजव्या बाजूने पाठीवर सरपटत आत जायचं, सायलेन्सरचा पाइप थंड झालाय ना ते आधी हाताच्या मागच्या बाजूने बघायचं. बोल्ट सुटला, पकडपट्टी निघाली, डबी पिळून ओढली तशी कपभर तेल कोपरापर्यंत आलं आणि मागून बोटाएवढी एक चकचकीत झडप घसरून तळहातात पडली. ती तशीच पुठ्ठ्यावर सांडली असती तर घरंगळत कुठे गेली असती ते सांगता येत नाही. ती पुसून परत घातली, नव्या डबीला नवी रबरी रिंग, थोडं तेल लावून दाबली, बोल्ट आवळला. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस पाठ धरल्यामुळे. मग पहिल्या गॅरेजने चढवलेली चाल स्क्रू फिरवून खाली आणली, ड्राइव्हमध्ये साधारण साडेसहाशे फेऱ्यांवर.

संध्याकाळी दोघं गाडी घेऊन निघाली. ड्राइव्हला टाकलं, आवाज नाही. कोपऱ्यापर्यंत जाईतो दुसरा गिअर पडून गेला होता. भाजीची पिशवी जागच्या जागी. "पडला?" बाईंनी विचारलं. ते नुसते हसले, आणि लायब्ररीच्या चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर जरा हौसेनेच पाय दाबला.

गाडीने आवंढा गिळला. क्षणभर इंजिन बसलं, मागच्याने हॉर्न मारला, मग ती पुढे गेली. आवाज पडला होता, चढला नव्हता. आजवर झटक्यांच्या गोंधळात ही तक्रार ऐकूच आली नव्हती.

घरी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं, एअर फिल्टरचं ताट उतरवलं आणि टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या पुढच्या दोन गळ्यांत वाकून पाहिलं. एका हाताने झडपेची काडी ओढली. एका गळ्यात पेट्रोलची सुईसारखी सरळ धार पडली. दुसऱ्यात भोकाच्या तोंडाशी गॅस्केटचा काळा तुकडा दिसत होता आणि त्याच्या कडेने एक थेंब.

"अहो, आता काय?" दारातून विचारणा झाली.

"कचरा आलाय."